मानांग निलानं पुरलेला माणूस

मानांग निलानं नवऱ्याला पुरलं त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि तो तिला भर दुपारी तीनचाकी चालवताना दिसला. मी त्याच गाडीत मागं बसलो होतो, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

आमचं गाव सान्ता एदुविहेस, नेग्रोस बेटावरचं. सरकारदरबारी शहर म्हणून नोंद आहे, पण जिथून सेंट्रालची चिमणी दिसत नाही असं घर इथं शोधून सापडणार नाही. सेंट्राल म्हणजे आमचा साखर कारखाना. ऑक्टोबरात संतिणीचा उत्सव होतो, त्याच आठवड्यात गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि मग मे महिन्यापर्यंत आमचं उठणं, जेवणं, शाळा, मिस्सा, सगळं भोंग्यावर चालतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिपाडाची काळी राख पडते आणि बायका चिमणीच्या नावानं बोटं मोडतात. मेनंतर चिमणी थंडावते. त्या पाच महिन्यांना आम्ही ‘मेला हंगाम’ म्हणतो. तेव्हा त्याच बायका आभाळाकडे बघत राखेची वाट बघतात.

लिओनिलाचं, म्हणजे आमच्या निलाचं (मानांग म्हणजे ताई), लग्न एकविसाव्या वर्षी झालं, कासिमिरोशी. सगळे त्याला मिरो म्हणायचे. मळीच्या टाक्यांवर कामाला होता. हसतमुख माणूस, केस कायम भांग पाडून बसवलेले, आणि कोंबड्यांच्या झुंजीचा भारी नाद. रविवारी मिस्सा अर्ध्यात सोडून तो झुंजीला पळायचा आणि निला चर्चच्या पायरीवर उभी राहून त्याला सगळ्यांदेखत झापायची. तो कान धरायचा, लोक हसायचे, तीही हसायची. त्यांना एक मुलगी झाली, ज्युवेलिन. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, अगदी बापासारखी. “माझा शिक्का मारून पाठवलीय,” असं मिरो सगळ्यांना सांगायचा.

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, ऐन गळितात, दुपारी तीन वाजता मळीची मोठी टाकी फुटली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, प्रयोगशाळेत रसाचे नमुने तपासायला नुकताच लागलो होतो. आवाज धमाक्यासारखा नव्हता. कोणीतरी लांबलचक जाड कापड टराटरा फाडावं तसा होता. मी खिडकीशी गेलो. खाली काळी भिंत चालत येत होती. गरम, वाफाळणारी मळी, माणसाच्या छातीएवढी. उसाचे दोन डबे तिनं रुळांवरून उचलून बाजूला ठेवले. एक रेडा गाडीसकट गेला. चार माणसं गेली. गोड वास इतका दाटला की पुढं कित्येक महिने मी चहात साखर घातली नाही.

माणसं बाहेर काढायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. ऑफिसच्या अंगणात ताडपत्रीवर ठेवली होती. तोंडावरून कोणी ओळखू येत नव्हतं. निलाला तिसऱ्याजवळ नेलं. त्याच्या छातीवर मिरोचा बिल्ला होता. पायात सेंट्रालचे रबरी बूट, त्यांवर पांढऱ्या रंगात दोनशे चौदा. मिरोचाच नंबर.

“बूट काढा,” निला म्हणाली. “मला पाय बघू दे.”

साहेब तोंडाला रुमाल लावून उभा होता. “नको बाई. बूट निघणार नाहीत. निघाले तर नुसते बूट निघणार नाहीत. समजून घे.”

ती समजली. सही केली. पेटी बंद करूनच दिली आणि बंदच पुरली.

सेंट्रालनं तिला कामावर घेतलं. पॅनच्या मजल्यावर झाडू मारायचं काम. तिथं मोठमोठ्या कढयांत रस आटवून त्याची साखर करतात, आणि नेमका कोणत्या क्षणी दाणा धरतो हे ओळखणारा पॅनवाला म्हणजे त्या मजल्याचा राजा. झाडू मारता मारता निला बघत राहिली. म्हातारा पॅनवाला काचेच्या पट्टीवर पाक पसरून उजेडात धरायचा, आणि ही मागून मान उंचावून बघायची. एक दिवस तो म्हणाला, “दाणा बसला.” ही म्हणाली, “अजून नाही.” तो चिडला. पण तीच बरोबर निघाली. पुढच्या हंगामात त्यानं तिच्या हातात काचपट्टी दिली. “झाडू दुसऱ्या कोणाला द्या,” म्हणाला, “ही बाई माझी चूक काढते.” पॅनवर उभी राहिलेली ती आमच्याकडची पहिली बाई. अंगठ्यात आणि बोटात पाक धरून ती दाणा मोजायची. माझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आकडा मागाहून यायचा, आणि तिचं ऐकूनच आल्यासारखा यायचा.

लग्नासाठी कोणी विचारलं तर म्हणायची, “माझा नवरा आहे की. जागचा हलत नाही, झुंजीला जात नाही, उलट उत्तर देत नाही. असा दुसरा कुठं मिळणार?” दर एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, ती आणि ज्युवेलिन दिवसभर कबरीपाशी बसायच्या. तूर, फणस आणि डुकराचं मांस घालून केलेली आमटी, भात, मेणबत्त्या. ज्युवेलिन शाळेचा निकाल तिथं मोठ्यानं वाचून दाखवायची.

दोन हजार नऊ साली, आमचं गळीत सुरू व्हायच्या आधी, मिंदानाओ बेटावर बुकिदनोनकडच्या एका नव्या कारखान्यानं तिला पंधरा दिवसांसाठी बोलावलं. तिथल्या पोरांच्या हातून दाणा बसत नव्हता. नमुने तपासायला म्हणून मला बरोबर दिलं. बोट, मग बस. स्टँडवर उतरलो तेव्हा बारा वाजले होते. पहिली दिसली ती तीनचाकी केली. मोटारसायकलच्या उजव्या अंगाला पत्र्याची डबी जोडलेली असते तशी. मानांग डबीत बसली, मी चालवणाऱ्याच्या मागं.

“सेंट्रालला ना? पाय आत घ्या मानांग, रस्त्याला खड्डे आहेत,” तो म्हणाला, आणि आमच्या बोलीत म्हणाला. तिकडची बोली वेगळी. मला परगावी आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला.

“तुम्ही नेग्रोसचे का हो, नोंग?” मी विचारलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे नोंग म्हणतात.

“छे. इलोइलोचा,” तो म्हणाला. “इलोइलोची माणसं सगळीकडं सापडतात. झुरळासारखी.” आणि स्वतःच हसला.

मी हसलो. डबीतून काही आवाज आला नाही. मला वाटलं मानांगला झोप लागली. वाकून बघितलं तर ती खाली बघत होती. मागचा ब्रेक उजव्या पायानं दाबतात, आणि तो पाय तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. रबरी चपलेतला. दुसरं आणि तिसरं बोट एकमेकांना चिकटलेलं.

चांगली दहा मिनिटं ती तशीच बसून होती. पुढं कधीतरी मला म्हणाली (धाकट्या पोराला आमच्याकडे तोतो म्हणतात), “तोतो, त्या दहा मिनिटांत मी स्वतःला समजावत होते की देवानं असे पाय ढिगानं केले असतील.”

मग ती म्हणाली, “थांबवा.”

“अजून लांब आहे, मानांग.”

“थांबवा म्हटलं ना.”

तो थांबला. दोन्ही बाजूंना अननसाची शेतं, वर तापलेलं ऊन. ती उतरली, गाडीला वळसा घालून पुढं आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. त्यानं गॉगल लावला होता, मिशी ठेवली होती, पोट सुटलं होतं.

“गॉगल काढ, मिरो.”

“कोण मिरो? मी लुसियानो. विचारा कोणालाही.”

“गॉगल काढ.”

त्यानं काढला नाही. पण हात गेला तो किल्लीकडे, आणि त्यानं इंजिन बंद केलं. अननसातून वाऱ्याची सळसळ ऐकू येत होती. मी मागच्या सीटवर तसाच बसलेलो. उतरावं हेसुद्धा मला सुचेना. ज्या माणसाच्या पेटीला मी खांदा दिला होता, त्याच्याच खांद्यावर माझा हात होता. तो मी झटकन काढून घेतला.

“निला?” तो म्हणाला. मग तिला खालपासून वरपर्यंत बघून, “जाड झालीस.”

“आणि तू मेलायस.”

“हो,” तो म्हणाला. “माहितीय मला.”

रस्त्याच्या कडेला एक खानावळ होती. आम्ही तिघं एका बाकड्यावर बसलो. खानावळवालीनं तीन ताटं आणून ठेवली, आम्ही कोणी मागवली नव्हती. मिरोनं सांगितलं ते असं. त्या दिवशी शेजारच्या गावात मोठी झुंज होती. सुट्टी मिळेना. ऊस तोडायला पानाय बेटावरून आलेल्या टोळीतला एक तरणा माणूस होता, दुपारी टाक्यांकडे सावलीला यायचा. मिरोनं त्याला आपला बिल्ला दिला, बूट दिले. “चार तास नुसता उभा राहा, झडप उघडायला सांगितली तर उघड,” एवढंच. संध्याकाळी परत आला तेव्हा फाटकाशी गर्दी. कोणीतरी न सापडलेल्यांची नावं वाचत होतं. त्यात त्याचं नाव.

“दुसऱ्या दिवशीही मी गर्दीत मागं उभा होतो. तू ताडपत्रीजवळ बसलेली दिसलीस.”

“तू मला बघितलंस?”

“बघितलं.”

“मी रडत होते ते बघितलंस?”

“निला, पुढं येऊन सांगायचं तरी काय? माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं आणि तो मेला? मला तुरुंगात टाकलं असतं. मला वाटलं, दोन दिवस बाजूला राहावं. बंदरावर गेलो. दोन दिवसांचे चार झाले. मग कळलं की सेंट्रालनं तुला कामाला घेतलं. म्हटलं, मी जिवंत असून तुला काय दिलं होतं? मेल्यावरच उपयोगी पडलो.”

असं म्हणून तो थोडा हसला. जुनी सवय. मला वाटलं निला त्याला मारेल. तिनं ताटातला भात बोटानं एका बाजूला सारला, आणि तिचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. जमिनीत पाय रुतत चालल्याचं एखाद्याला अचानक कळावं तसा.

“मग तिथं कोण आहे?” ती म्हणाली. “मिरो, बावीस वर्षं मी कोणाला मेणबत्ती लावतेय?”

“सांगितलं ना. तो टोळीतला.”

“नाव?”

तो छताकडे बघू लागला.

“नाव सांग त्याचं.”

“आठवत नाही गं. अँटिकेकडचा होता म्हणून आम्ही त्याला अँटिकेच म्हणायचो. पुढचा एक दात तुटका. हसला की शीळ वाजायची.”

“तुझ्या बुटात मेला तो.”

“मला खरंच माहीत नाही, निला. मी कधी विचारलंच नाही.”

एवढं ऐकून ती उठली. बाहेर येऊन खानावळीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाणी नेलं. तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, “दुसरी गाडी बघ, तोतो. कामाला उशीर होतोय.” मिरो दारात आला होता. “ज्युवेलिन कशी आहे?” त्यानं विचारलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “शिक्षिका आहे. तुझ्या कबरीशी बोलते.”

त्या संध्याकाळी नव्या पॅनवर तिचा घाणा बिघडला. पाकात खोटा दाणा आला, बारीक, पिठासारखा, काही कामाचा नाही. सगळं पाणी घालून पुन्हा विरघळवावं लागलं. तिथली पोरं एकमेकांकडे बघत होती, नेग्रोसहून बोलावली ती हीच का म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं नीट केलं आणि पंधरा दिवस पोरांना दाणा बसवायला शिकवलं.

घरी आल्यावर तिनं ज्युवेलिनला सांगितलं तेव्हा मीही होतो. मानांगनंच थांबवलं होतं, “मी वेडी झाले असं तिला वाटेल, तू साक्षीला राहा.” ज्युवेलिन आधी हसली. मग आमची तोंडं बघून थांबली.

“जिवंत? आपले ताताय?”

“तीनचाकी चालवतो.”

“चालवतो म्हणजे... आता? आज?” ती उभी राहिली, पुन्हा बसली. “नानाय, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिथं दोन तास बसले होते. मी काय काय सांगितलंय त्यांना! कोणी ऐकलं ते?” आणि तिनं पायातली चप्पल काढून आपली बोटं झग्याखाली ओढून घेतली.

बातमी गावात पसरायला एक मिस्सा पुरली. बाजारात बायका म्हणू लागल्या, “निलाची मजा आहे, एक नवरा वर, एक खाली.” कोणी म्हणालं जाऊन फरपटत आणा त्याला, कोणी म्हणालं कागदावर मेलाय तर मेलेलाच राहू दे. फादरनी तिला सबुरीचा सल्ला दिला. ती म्हणाली, “मिरोचं मी काही विचारत नाहीये फादर. त्या दुसऱ्याचं विचारतेय. त्याच्यासाठी कोणाच्या नावानं मिस्सा सांगू?”

एक नोव्हेंबरला ती गेलीच. आमटी, भात, मेणबत्त्या, सगळं घेऊन. शेजारच्या कबरींवरचे लोक वळून बघू लागले. तिनं क्रूसावरचं मिरोचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं, पुसून जाणार नव्हतं तरी. मग मोठ्यानं म्हणाली, “माझ्याकडून चूक झाली. मी पाय बघायला पाहिजे होते.”

टाकी फुटली त्या वर्षी पानायवरून टोळ्या आणणारा मुकादम, नोंग सेवेरो, अजून जिवंत होता. ऐंशीच्या पुढं, मुलीच्या घरी खुर्चीत बसून असायचा. निलानं त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

“नोंग, टाकी फुटली त्या साली तुमच्या टोळीत अँटिकेचा एक होता. पुढचा दात तुटका.”

“अनिसेतो,” म्हातारा लगेच म्हणाला. “अनिसेतो माग्बानुवा. हरामखोर. ऐन गळितात टोळी सोडून पळाला. त्याचा कोयता आणि कपड्यांची पिशवी तशीच टाकून.”

“पळाला हे कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? टाकी फुटली त्या गोंधळात चार-पाच जण घाबरून गेले घरी. हा घरीही गेला नाही. त्याची बायको मागाहून आली होती विचारायला. पोटुशी होती. मी तिला म्हटलं, पोरी, शोधू नको, कोणी बाई ठेवली असेल त्यानं.”

निलानं त्याला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज हलला नाही. म्हातारा ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा जबडा खाली आला तो तसाच राहिला. त्याची मुलगी आतून धावत आली, तिला वाटलं वडिलांना झटका आला.

“तिला मी हसत सांगितलं होतं गं,” एवढंच तो म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच. “हसत सांगितलं होतं.”

पण गावाचं नाव त्याला आठवत होतं. तीन दिवसांची रजा काढून आम्ही निघालो. इलोइलोपर्यंत बोट, पुढं डोंगरातून बस, मग समुद्राकाठची वाट. वाटभर निला तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मला वाटलं माळ जपतेय. ती वाक्य जुळवत होती. पहिलं वाक्य काय बोलायचं ते.

अनिसेतोच्या बायकोचं नाव एन्कार्नासियोन, सगळे कारिंग म्हणत. किनाऱ्यावर चटया पसरून सुकट वाळवत होती. डोक्याला फडकं, हाताला खवले. चाळिशीतली, सडसडीत. पुढं तिनं एका कोळ्याशी दुसरं लग्न केलं होतं, आणि त्याच्यापासून तीन मुलं होती. अनिसेतोची मुलगी बावीस वर्षांची झाली होती.

निलाचं जुळवलेलं वाक्य ऐन वेळी हरवलं. ती म्हणाली, “मी सान्ता एदुविहेसहून आले. अनिसेतोबद्दल.”

कारिंगनं मान वर केली नाही. “तूच का ती?”

“कोण ती?”

“ज्या बाईकडे राहिला ती. एवढ्या वर्षांनी काय घेऊन आलीस? आजारी पडला का? मला नको. इथून चालती हो.” आणि तिनं मूठभर सुकट चटईवर फेकल्यासारखी पसरली.

“तो माझ्याकडेच होता,” निला म्हणाली. मला धक्काच बसला, ही काय बोलतेय! पण ती पुढं म्हणाली, “माझ्या नवऱ्याच्या कबरीत होता, बाई. टाकी फुटली त्याच दिवशी गेला. तीन वाजता. कुठं पळून गेला नाही. माझ्या नवऱ्याच्या जागी उभा होता आणि मी त्याला माझा समजून पुरला.”

कारिंग उभी राहिली. तिचा हात कशाला तरी धरायला हवेत गेला, तिथं काहीच नव्हतं. मी पुढं झालो, तोवर ती वाळूत बसली होती.

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी.”

“मी बावीस वर्षं त्याला शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “पोरीला सांगितलं, तुझा बाप कुत्रा आहे. तिला त्याचं नाव घेऊ दिलं नाही. त्याचा एकच फोटो होता, तो मी चुलीत घातला.” मग तिनं निलाकडे बघितलं आणि जोरात तिच्या खांद्यावर मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. “तुला कळलं नाही? तुझा नवरा तुला ओळखता आला नाही?”

“नाही आला,” निला म्हणाली. तिनं हात वर केला नाही. मारून दमल्यावर कारिंग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून ओरडली. ते रडणं नव्हतं. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या, आणि एका बाईनं मला बाजूला ओढून विचारलं, “काय केलंत तिला?”

जानेवारीत कारिंग मुलीला घेऊन आमच्याकडे आली. आरोग्य खात्याचा कागद, फादरची परवानगी, सगळं निलानं करून ठेवलं होतं. सकाळी आठला कबर उघडली. अर्धं गाव कुंपणापलीकडे उभं होतं. रबराला काही होत नाही. बूट जसेच्या तसे होते, दोनशे चौदा वाचता येत होतं. ते बघून निलानं मान फिरवली. कारिंगनं कवटी दोन्ही हातांत घेतली, वरच्या दातांवरून अंगठा फिरवला, आणि एका जागी थांबली.

“नारळ दातानं सोलायला गेला होता,” ती मुलीला म्हणाली. “माझ्यासमोर ऐट दाखवायला. लग्नाच्या आधी.”

मुलीनं बापाला पहिल्यांदा बघितलं ते असं.

दोघींनी मिळून हाडं धुतली, पांढऱ्या कापडात बांधली. धुताना निला हळू आवाजात तिला सांगत होती की त्याच्यासाठी किती मिस्सा झाल्या, कोणत्या वर्षी वादळानं क्रूस पडला, तो कसा पुन्हा उभा केला, ज्युवेलिननं त्याला काय काय वाचून दाखवलं. कारिंग सगळं ऐकत होती, मधूनच विचारत होती. “फुलं कोणती?” “शेवंती. मिळाली नाहीत तर जास्वंद.” दुपारच्या बोटीनं त्या गेल्या.

पुढच्या फेब्रुवारीपासून टाकीत गेलेल्यांची मिस्सा होते तेव्हा अनिसेतो माग्बानुवा हे नाव वाचलं जातं. सेंट्रालच्या फाटकावर चार नावांची फरशी आहे, तिच्यावर अजून कासिमिरोच आहे. निलानं अर्ज दिला. ऑफिस म्हणालं, मयताचा दाखला आधी रद्द झाला पाहिजे, आणि त्यासाठी मयतानं स्वतः हजर राहावं लागेल. मयत काही आला नाही. ज्युवेलिन एकदा जाऊन त्याला भेटून आली. तिकडं त्याची दुसरी बायको होती, दोन मुलगे होते. दिवसभर राहिली, परत आल्यावर म्हणाली, “चांगला बोलतो. म्हणूनच भीती वाटते.” पुन्हा गेली नाही.

दोन हजार अठरात, हंगाम संपत आला असताना, त्या दुसऱ्या बायकोचा ज्युवेलिनला फोन आला. मिरो गेला, गाडीवरच, छातीत कळ येऊन. ज्युवेलिन निघाली. निला नेहमीच्या वेळी पाळीवर आली. मला राहवलं नाही, प्रयोगशाळेतून वर गेलो.

“मानांग, आजच्या दिवस घरी जा. मी सांगतो साहेबांना.”

तिनं काचपट्टी खिडकीतल्या उजेडात धरली होती. “तोतो, माझा नवरा मी एकदा पुरलाय. काळे कपडे घातले, वर्ष पाळलं, सगळं केलं. आज सकाळी म्हटलं, पुन्हा थोडं रडून बघावं. खुर्चीत बसून प्रयत्न केला. नाही आलं रडू.” तिनं पट्टीवरचा पाक अंगठ्यानं चोळला. “लोक म्हणतील दगड आहे. म्हणू देत.”

मग तिनं खालच्या माणसाला हाक मारली, झडप उघडायला सांगितली, आणि मी माझ्या नमुन्यांकडे परत गेलो.